घरच्या विजेला हात कुणी लावावा?

मराठी मध्यमवर्गीय घरात बहुधा एक खण असा असतो, की ज्यात टेस्टर, पक्कड, इन्सुलेशन टेपचे अर्धे संपलेले रीळ, एखादा जुना होल्डर आणि फ्यूजच्या तारेची गुंडाळी सापडते. या खणाची किल्ली ज्याच्याकडे, त्याला घरात एक वेगळा मान असतो. शेजारच्याच घरात मात्र ट्यूबलाइट बदलायलाही वायरमनची वाट पाहिली जाते. एका घराला दुसरे घर धाडसी वाटते, दुसऱ्याला पहिले भित्रे. परंतु धाडस आणि भीती या दोन्ही गोष्टी येथे गैरलागू आहेत. विजेचे कोणते काम आपण करावे आणि कोणत्या कामासाठी माणूस बोलवावा, याचे उत्तर त्या कामाच्या स्वरूपातच असते. ते काढण्याची रीत मात्र फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा वेगळा रकाना असतो, आणि अलीकडच्या वर्षांत तो आकडा सातत्याने १० हजारांच्या वर राहिला आहे. त्यात शेतातले पंप आहेत, रस्त्यावर तुटून पडलेल्या तारा आहेत, कारखाने आहेत. पण घरातला गीझर आणि कपडे वाळत घालायची तारही आहे.

कायद्याने आखलेली रेषा

अनेकांना आश्चर्य वाटेल, पण या प्रश्नाला भारतीय कायद्याने फार पूर्वीच उत्तर दिलेले आहे. १९५६च्या भारतीय वीज नियमांतील ४५व्या नियमाचा आशय असा: ग्राहकाच्या जागेतील विजेच्या मांडणीत भर घालणे, बदल करणे, दुरुस्ती करणे ही कामे राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावीत, ती प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून व्हावीत. या नियमाला एक अपवाद आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे आणि जोडसामान बदलायला ही अट नाही. मात्र त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप कोणत्याही प्रकारे बदलता कामा नये. वीज कायदा २००३ आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली सुरक्षिततेचे विनियम काढले. त्यांतही ही रेषा कायम आहे.

‘क्षमता किंवा स्वरूप’ हे तीन शब्द नीट वाचले तर पुष्कळ शंका मिटतात. खराब झालेला ६ अँपियरचा स्विच काढून तसाच दुसरा बसवला, तर क्षमता तीच राहिली आणि स्वरूपही तेच राहिले. त्याच बोर्डावर, त्याच जुन्या तारेवर १६ अँपियरचे सॉकेट बसवून त्याला गीझर जोडला, तर सॉकेट बदलण्याची कृती तितकीच सोपी असूनही क्षमता बदलली. म्हणजे सॉकेटची बदलली, भिंतीतली तार मात्र होती तीच राहिली. दिव्याच्या पॉइंटवरून तार ओढून न्हाणीघरात सॉकेट नेले, तर स्वरूप बदलले. फ्यूजचे उदाहरण तर फार बोलके आहे. फ्यूज बदलायला कायद्याची आडकाठी नाही. पण तो वारंवार उडतो म्हणून चिनी मातीच्या कटआउटमध्ये तारेचे दोन-तीन पदर पिळून बसवले, की तो फ्यूज राहत नाही. काम तेच, हात तेच, वेळही दोनच मिनिटांचा. पण एक काम रेषेच्या अलीकडे आहे आणि दुसरे पलीकडे.

थोडक्यात, काम अवघड आहे की सोपे, यावर कायदा ते तोलत नाही. काम झाल्यानंतर भिंतीआडच्या मांडणीकडून पूर्वीपेक्षा वेगळे काही मागितले जाणार आहे का, एवढेच तो पाहतो.

दिवा लागला म्हणजे काम झाले का?

या कायद्यामागे विजेचा एक विशेष गुणधर्म आहे. नळाचे काम चुकले तर पाणी गळते, सुताराचे चुकले तर दार अडते. चूक स्वतःच ओरडून सांगते. विजेचे काम चुकले तरी दिवा लागतो.

तीन उदाहरणे घेऊ. पहिले, स्विच फेजवर बसवायचा तो चुकून न्यूट्रलवर बसवला. बटण दाबले की दिवा लागतो, बंद केले की विझतो. वापरणाऱ्याला काहीही फरक जाणवत नाही. पण दिवा विझलेला असतानाही होल्डरपर्यंत फेज आलेलाच असतो. बटण बंद आहे या विश्वासाने जो पुढे कधीतरी होल्डर उघडेल, त्याच्यासाठी ही चूक दबा धरून बसलेली असते.

दुसरे, गीझरच्या सॉकेटमधला एक स्क्रू पुरता आवळला गेला नाही. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर प्रवाह घेतो. त्या ढिल्या सांध्यात जेमतेम अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशोबाने तेवढ्याशा जागेत ३५ वॅटच्या वर उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे बंद प्लास्टिकच्या बोर्डात त्याहून तापट सोल्डरिंग आयर्न रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवल्यासारखे झाले. गीझर मात्र उत्तम तापतो. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबीही पडत नाही. सॉकेट काळवंडते, जळका वास येतो, तेव्हा कुठे घरच्यांना पत्ता लागतो.

तिसरे उदाहरण सर्वांत घातक. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार सगळीकडे फिरवलेली नसते. नव्या फ्रिजचा तीन पिनांचा प्लग बसवायचा तर तीन भोकांचे सॉकेट लावले जाते, आणि अर्थ नाही म्हणून त्याचे टर्मिनल एका छोट्या तुकड्याने न्यूट्रललाच जोडले जाते. फ्रिज चालतो. सगळे ठीक दिसते. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, की फेज उपकरणाच्या आतल्या गुंडाळीतून परतीच्या तारेत येतो आणि त्या छोट्या तुकड्यावाटे फ्रिजच्या पत्र्यावर पसरतो. ज्या पिनेने माणसाला वाचवायचे, तीच पिन पत्र्याला जिवंत करते. अर्थिंग मुळीच नसण्यापेक्षाही हे वाईट.

या तिन्ही चुकांत उपकरण चालू होणे हीच एकमेव परीक्षा मानली, तर तिन्ही कामे उत्तीर्ण होतात. म्हणून विजेच्या कामाचे दोन वर्ग पडतात. ज्या कामाचा परिणाम हीच त्याची तपासणी, ते पहिल्या वर्गात. आणि ज्याची तपासणी वेगळ्या साधनाने, वेगळ्या ज्ञानाने करावी लागते, ते दुसऱ्या वर्गात. एलईडी बल्ब लागला, काम संपले. नवे सॉकेट चालू झाले तर मात्र काम अर्धेच झाले. फेज योग्य बाजूला आहे का, अर्थ खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, आणि मेगरने पाहता तारांचे इन्सुलेशन शाबूत आहे का, हे उरलेले अर्धे काम.

मिलिअँपियरचे गणित

विजेचा धक्का किती व्होल्टचा होता, असे आपण विचारतो. शरीराला इजा होते ती त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने. साधारण १ मिलिअँपियरला मुंग्या जाणवतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार माणूस कोणत्या प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे मोजले. पुरुषांसाठी सरासरी सुमारे १६ मिलिअँपियर, तर स्त्रियांसाठी सुमारे १०.५ मिलिअँपियर, असे उत्तर आले. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो, ते हेच. आणखी वर, काही दशक मिलिअँपियरच्या पुढे, हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याचा धोका सुरू होतो.

आता ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपियर वाहतील. मृत्यूला हे पुरेसे आहे. पण बोर्डावरच्या ६ अँपियरच्या एमसीबीला हाच प्रवाह एखाद्या ५० वॅटच्या पंख्याइतका वाटतो. तो पडत नाही, कारण माणूस आणि पंखा यांत त्याला फरक करता येत नाही. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. ‘आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत’ हे समाधान त्यामुळे अपुरे आहे.

माणसाला वाचवणारे साधन वेगळे. डॅल्झिएल यांनी १९६१च्या सुमारास अमेरिकेत त्याचे एक रूप घडवले. आपल्याकडे ते आरसीसीबी किंवा बोलीत ईएलसीबी म्हणून ओळखले जाते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. घरगुती वापराच्या उपकरणात फरक ३० मिलिअँपियरचा झाला, म्हणजे तेवढी वीज भलत्या वाटेने जमिनीत जात आहे असे दिसले, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ते पुरवठा तोडते. त्यालाही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणारा माणूस त्याच्या दृष्टीने पुन्हा पंखाच ठरतो.

याच उपकरणाची आपल्या घरांत सर्वाधिक हेळसांड होते. जुन्या वायरिंगवर ते बसवले की वारंवार पडते. खरे तर ते सांगत असते, की कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. पण घरच्यांना कटकट होते, आलेला माणूस ते बायपास करून देतो आणि सगळे खूश होतात. शहाणपण असे, की आरसीसीबी पडत असेल तर कारण शोधणाऱ्याला पैसे द्यावेत, तो काढून टाकणाऱ्याला नव्हे.

टेस्टरचा भरवसा

घरच्या कारागिराचा सगळा भर टेस्टरवर असतो. टेस्टरमधल्या निऑनच्या दिव्यातून आणि मोठ्या रोधातून अत्यल्प प्रवाह आपल्याच शरीरावाटे जमिनीकडे जातो, म्हणून तो लागतो. तो लागला, तर तेथे दाब आहे हे खरे. न लागला, तर वीज नाहीच असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. दिवा निकामी झालेला असू शकतो. आपण कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलो तर तो इतका मंद लागतो, की उजेडात दिसतही नाही. म्हणून आधी चालू असल्याचे माहीत असलेल्या जागी टेस्टर लावून पाहावा, मग कामाच्या जागी, आणि नंतर पुन्हा चालू जागी.

‘सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो, पण काहीच चालत नाही’ हा अनुभव पुष्कळांना असेल. याचा अर्थ वीज दुप्पट आली असा नव्हे. न्यूट्रल तुटलेला आहे, आणि चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेजच परतीच्या तारेत उतरला आहे. इथे थांबावे आणि माणूस बोलवावा. संपूर्ण इमारतीचा, तीन फेजच्या पुरवठ्याचा न्यूट्रल सुटला असेल, तर काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एका फटक्यात जळतात.

टेस्टरइतकाच फसवा विश्वास मेन स्विचवर असतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच पाडला, की इन्व्हर्टरला वाटते वीज गेली. तो इमानेइतबारे आपल्या तारांवर पुरवठा सुरू करतो, आणि पंखा उघडणाऱ्याच्या हातात २३० व्होल्ट येतात. अशा घरात मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करायचे असतात. तारांच्या रंगांचीही तीच गत. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. पण आज विकत घेतलेल्या मिक्सरच्या किंवा इस्त्रीच्या वायरीत तपकिरी फेज असतो आणि निळा न्यूट्रल. एकाच घरात निळी तार कुठे फेज असते, तर कुठे न्यूट्रल. म्हणून रंग पाहून नव्हे, तपासून हात लावावा.

वायरमन म्हणजे नेमका कोण?

एवढे वाचून कुणी म्हणेल, की मग सरसकट वायरमनच बोलवावा. पण हे उत्तरही अपुरे आहे. आपण ज्याला वायरमन म्हणतो तो पुष्कळदा कुणाच्या तरी हाताखाली हेल्पर म्हणून शिकलेला असतो. त्याच्या हातात कसब असते, ‘तीन-बावीस’ आणि ‘सात-वीस’ ही तारेची जुनी मापे त्याला तोंडपाठ असतात. परवाना मात्र असतोच असे नाही. दुसऱ्या बाजूला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांतून शिकलेले तरुण आहेत, आणि राज्याच्या परवाना मंडळाने दिलेला तारतंत्री परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र व कंत्राटदाराचा परवाना अशी उतरंड आहे. नवी जोडणी घेताना वीज कंपनी परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल मागते, तो या उतरंडीमुळेच.

अडचण अशी, की तो अहवाल दिला की पुढची ३०-४० वर्षे त्या मांडणीकडे कुणी पाहत नाही. १९५६च्या नियमांत दर पाच वर्षांच्या आत तपासणीची तरतूद होती. आपल्या सदनिकेची अशी तपासणी झाल्याचे किती वाचकांना आठवेल? दरम्यान त्या घरात मूळ कागदावर नसलेले दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी आलेली असते. पूर्वी अनेक घरांत अर्थ पाण्याच्या लोखंडी नळाला जोडलेली असे; नळ बदलून प्लास्टिकचे आले, तेव्हा प्लंबरने अर्थिंगही तोडले, हे त्यालाही कळले नाही आणि घरमालकालाही.

म्हणून बोलावलेल्या माणसाकडून आपण काय मागतो, हे महत्त्वाचे. आपण बहुधा ‘चालू करून द्या’ म्हणतो, आणि तो तेवढेच करतो. अर्थ तपासून दाखवा, या पॉइंटची तार किती चौरस मिलिमीटरची आहे ते सांगा, एमसीबी मोठा घालण्याआधी तार पुरेल का ते पाहा, असे विचारणारे ग्राहक थोडे. गीझर-एसीसाठी २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार टाकायला भिंत फोडावी लागते, खर्च वाढतो. त्यापेक्षा १६चा काढून ३२चा एमसीबी टाकणे स्वस्त पडते. त्या स्वस्ताईचा आग्रह पुष्कळदा आपलाच असतो. तपासणीला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे द्यायला आपण नाखूश असतो, हेही मान्य करायला हवे.

इतर देशांत काय चालते

परदेशी स्थायिक झालेल्या वाचकांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. ऑस्ट्रेलियात परवाना नसलेल्या माणसाने भिंतीवरचा स्विच बदलणेही बेकायदा आहे. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मात्र घरमालकाला स्वतःच्या राहत्या घरात ठरावीक कामे करता येतात; त्यासाठी सरकारी नियमावली आहे, आणि मोठे काम पुरवठ्याला जोडण्यापूर्वी अधिकृत तपासनिसाकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये २००५पासून इमारत नियमांच्या ‘पार्ट पी’नुसार नवे सर्किट टाकणे, मुख्य बोर्ड बदलणे यांसारखी कामे एकतर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने करावी लागतात किंवा स्थानिक यंत्रणेला कळवून तपासून घ्यावी लागतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी घरमालक परवानगी काढून स्वतः वायरिंग करू शकतो, पण तपासनीस येऊन जातो.

हे नियम एकमेकांपासून दूर आहेत. तरी जिथे मालकाला मोकळीक दिली, तिथे मोठ्या कामाला तपासणी जोडली, हे सूत्र त्यांत दिसते. आपल्याकडे नियम कडक आहेत आणि व्यवहारात मोकळीक आहे. मधली तपासणी तेवढी गळून गेली आहे.

मग करावे काय?

बल्ब, ट्यूब, प्लगटॉप, त्याच क्षमतेचा स्विच, फ्यूजची योग्य मापाची तार ही कामे पुरवठा बंद करून, बंद झाल्याची खात्री करून, शिकलेल्या माणसाने घरी करायला हरकत नाही. ती मुलींना आणि मुलांना सारखीच शिकवावीत. मंद झालेल्या पंख्याचा कंडेन्सर बदलणे हे सीमेवरचे काम. तो बंद केल्यावरही काही काळ वीज धरून राहतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते करावे. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहणे हे तर प्रत्येक घरमालकाचे काम आहे, आणि त्याला कोणतेही कसब लागत नाही.

नवा पॉइंट, नवे सर्किट, मोठा एमसीबी, न्हाणीघरातले कोणतेही काम, अर्थिंग, मीटरजवळचे काही, कारण न समजता वारंवार पडणारा एमसीबी, जळका वास, पत्र्याला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या: यांसाठी परवानाधारक माणूस बोलवावा. आणि तो आल्यावर ‘चालू झाले का’ याऐवजी ‘तपासले का’ असे विचारावे.

हा अंक हाती येईल तेव्हा गॅलऱ्यांत आकाशकंदील लागलेले असतील. एका एक्स्टेंशन बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून दिव्यांच्या तीन माळा, सांध्याला चिकटपट्टी आणि ती तार लोखंडी कठड्याला गुंडाळलेली, हे दृश्य घरोघर असते. या मांडणीला चार दिवसांसाठी म्हणून कुणी वायरिंग समजत नाही. पण क्षमता आणि स्वरूप दोन्ही बदलणारे, उघड्यावरचे आणि कुणीही न तपासलेले असे काम घरात वर्षभरात दुसरे नसते. सांधे नसलेली अखंड तार, कठड्याला न टेकणारा कंदील आणि आरसीसीबीच्या संरक्षणाखालचे सॉकेट, एवढी काळजी घेतली तरी पुरे. माळ लागली, म्हणून ती बरोबर लागली असे नव्हे.